संत्रं मोर्शीचं, लेबल दुसऱ्याचं

आमच्याकडचं संत्रं जगात 'नागपुरी' म्हणून विकलं जातं. बगिचे वरूड-मोर्शीत, पाणी आमच्या बोअरचं, डिंक्या अन् कोळशी आमच्या झाडांवर, फळगळ झाली की डोक्याला हात आमचा. नाव मात्र नागपूरचं. लहानपणी मी बाबांना विचारलं होतं, आपण आपलं नाव का नाही टाकत? ते म्हणाले, "नाव टाकाले पेटी आपली लागते ना बाप्पा. आपण तं उभा बगिचाच देऊन टाकतो. कायची पेटी अन् कायचं नाव!"

पुढे कित्येक वर्षं मी मेटल ऐकत होतो, बँडांची नावं पाठ करत होतो, कोणत्या लेबलवर कोणता अल्बम आला ते वहीत लिहून ठेवत होतो. तरी बाबांच्या त्या वाक्याचा आणि या वहीचा काही संबंध असेल असं डोक्यात आलं नाही. आता आलंय, म्हणून हे लिहितोय. म्हणणं सरळ आहे: वऱ्हाडात आवाजाची कमी नाही, पोरांची कमी नाही, रागाची तर अजिबात नाही. कमी आहे ती पेटीची, म्हणजे लेबलची. आणि ते नसण्याला जितके मुंबई-पुण्याचे लोक जबाबदार आहेत, त्याहून जास्त आपण आहोत.

मेटल माझ्याकडे आलं ते मेमरी कार्डातून. अमरावतीला शिकत असताना मोबाइलच्या दुकानात पैसे दिले की कार्ड भरून मिळायचं. हिंदी, मराठी, लग्नाची गाणी, सगळं एकत्र. होस्टेलवरच्या एका पोराच्या कार्डात ब्लॅक सबाथ होतं. कोणी भरलं, कसं भरलं, त्यालाही माहीत नव्हतं. सुट्टीत घरी आलो आणि ओसरीवर ते लावलं, नंतर त्याच्यापेक्षा जहाल काहीतरी लावलं, तर आमचे आबा आतून ओरडले, "काहून बे, त्या माणसाले इचू चावला काय? दवाखान्यात न्या ना मंग त्याले!" घरात सगळे हसले. मीही हसलो. पण त्या रात्री मळ्यात पाण्याची पाळी होती. लाइट रात्री दोनला येणार होती. मोटरजवळ बसून कानात तेच वाजवत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, की माझ्या पोटात जे चाललंय ते बाहेर कोणीतरी वाजवतंय.

ज्यांना ही गोष्ट शौकाची वाटते, त्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल.

*

आधी जे झालंय ते नीट बघू.

मुंबईत २००० साली साहिल माखिजा नावाच्या एका तरुणाने डेमॉनिक रिझरेक्शन नावाचा बँड काढला. भारतात तेव्हा हे संगीत छापायला कोणी मोठी कंपनी तयार नव्हती. मग त्याने घरातच रेकॉर्डिंगची सोय केली, स्वतःचं डेमॉनस्टीलर रेकॉर्ड्स हे लेबल काढलं, स्वतःचं वाजवलं, इतरांचंही रेकॉर्ड केलं. २०१० मध्ये याच बँडला इंग्लंडच्या 'मेटल हॅमर' मासिकाचा जागतिक मेटलसाठीचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्यांचा 'द रिटर्न टू डार्कनेस' हा अल्बम आला. २०१४ मध्ये ते जर्मनीतल्या वाकेनला वाजवून आले. मेटलवाल्यांसाठी वाकेन म्हणजे पंढरपूर. ज्या माणसाने हे केलं तो पुढे कॅमेऱ्यासमोर स्वयंपाक करून लोकप्रिय झाला, कारण मेटलवर पोट भरत नाही. हेही लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरं उदाहरण ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी. मुंबईचे कुणाल चोक्सी हे लेबल चालवतात. सुरुवात झाली ती लिहिण्यातून, एका वेबझिनमधून. आधी बँडांवर लिहिलं, मग त्यांची प्रसिद्धी केली, मग त्यांचे अल्बम काढायला लागले. आज या मुंबईच्या लेबलवर स्वीडनचा पॅगनायझर आहे, ऑस्ट्रेलियाचा डिप्रॅव्हिटी आहे, ब्राझीलचा जुपिटेरियन आहे. मुंबईतला माणूस स्वीडनच्या बँडचा अल्बम काढतो, जर्मनीतला पोरगा तो विकत घेतो. गटस्लिटसारखा मुंबईचा बँड युरोपात दौरे करतो. भयानक मौत, स्क्राइब, झिग्नेमा यांनी याच शहरात हजारो पोरांना घाम फोडला.

हे कमी नाही. कोणाची परवानगी न मागता, कोणत्या वाहिनीच्या दारात न उभं राहता केलेलं काम आहे. त्यांच्याबद्दल मी वाकडं बोलणार नाही. पण या यशातून जी शिडी उभी राहिली, ती कुठे जाते ते बघा. बोरिवलीहून निघते आणि थेट ओस्लोला टेकते. मधे कल्याण लागत नाही, भुसावळ लागत नाही, बडनेरा तर नाहीच नाही. डेमॉनिक रिझरेक्शनने २०१७ मध्ये 'दशावतार' नावाचा अल्बम केला. विष्णूचे दहा अवतार, एकेका अवतारावर एकेक गाणं. उत्तम अल्बम आहे. गाणी इंग्रजीत. मत्स्यापासून कल्कीपर्यंत सगळे इंग्रजी बोलतात. आमच्या आबांना ज्या गोष्टी तोंडपाठ आहेत, त्यांच्यावरचा अल्बम आबांना सोडून सगळ्या जगाला कळतो.

*

आता हरकती. पहिली हरकत संस्कृतीवाल्यांची: हे संगीत आपलं नाही, परकं आहे, श्रीमंत पोरांचे चाळे आहेत.

यात एक गोष्ट खरी आहे. भारतात मेटल आलं ते इंग्रजी शाळांतून, महागड्या गिटारींतून, ज्यांच्या घरी पोराला स्वतंत्र खोली असते त्यांच्यातून. 'बेडरूम स्टुडिओ' हा शब्द आपण कौतुकाने म्हणतो, पण त्यासाठी आधी बेडरूम लागते. आमच्या घरी समोरच्या खोलीत आबा, बाजेखाली कापसाचं गाठोडं आणि कोपऱ्यात फवारणीचा पंप. तिथे मायक्रोफोन लावला असता तर आधी आबांचं खोकणं रेकॉर्ड झालं असतं.

पण म्हणून हे संगीत श्रीमंतांचं ठरत नाही. बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातल्या कामगार वस्तीतली चार पोरं होती ती. टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, तारा सैल केल्या आणि त्या सैल तारांमधून तो जड, खालचा आवाज निघाला. १३ फेब्रुवारी १९७० ला ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम आला. मेटलचा जन्म असा कारखान्यातल्या अपघाताच्या काठावर झाला. थ्रेशरमध्ये हात गेलेले, फवारणी करताना चक्कर येऊन पडलेले लोक आमच्या प्रत्येक गावात आहेत. हे संगीत आमच्यासाठी परकं कसं, ते मला समजावून सांगा.

आणि आरडाओरडा परका, हेही मला पटत नाही. पोळ्याला तोरणाखाली बैलं उभी राहिली की आमच्याकडे झडत्या होतात. एक जण घसा फाडून झडती म्हणतो, सावकाराला धरतो, सरकारला धरतो, गावच्या पाटलाला धरतो, आणि शेवटी सगळं गाव एका आवाजात महादेवाचं नाव घेतं. मेटलच्या मैफलीत गायक आणि गर्दी यांच्यात जे होतं ते याहून फार वेगळं नाही. इथून जवळ गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेऊन गावंच्या गावं हलवली. खंजिरीचा तो ठेका कधी लक्ष देऊन ऐका. तो झोपवण्यासाठी नाही, उठवण्यासाठी आहे. नागपूरच्या मारबतीत दुखणं, महागाई, भ्रष्टाचार सगळ्याला शिव्या घालत मिरवणूक निघते आणि शेवटी मारबत जाळतात. असल्या मुलखात कोणी मला सांगतो की ओरडणं आपल्या संस्कृतीत बसत नाही, तेव्हा मला विचारावंसं वाटतं, भाऊ, तुमची संस्कृती कोणत्या गावची?

*

दुसरी हरकत गोंगाटाची. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

मुंबईत धोबीतलावला रंगभवन होतं. उघडं नाट्यगृह. तिथे १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक व्हायचा, भारतातल्या रॉक आणि मेटलच्या किती पिढ्या तिथे तयार झाल्या. शेजारी कॉलेज, दवाखाना. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात ते सापडलं आणि तिथला आवाज बंद झाला. नियम चांगला आहे. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम सांगतात की दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवती १०० मीटर शांतता पाहिजे. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आजाऱ्याला त्रास नको, हे मलाही मान्य.

मग मला हे सांगा: वर्षातून किती वेळा तुमच्या खिडकीच्या काचा डीजेने थरथरल्या? तो डीजे दवाखान्यासमोरून गेला तेव्हा नियम कुठे होते? दरवेळी कोणाची ना कोणाची मिरवणूक असते, कोणाचा ना कोणाचा वाढदिवस असतो, समोर पोलीस उभा असतो आणि तोही कानात बोटं घालून असतो. म्हणजे आपल्याला आवाजाचं वावडं नाही. ज्या आवाजामागे नेता उभा आहे, तो उत्सव. ज्या आवाजामागे फक्त चार पोरं उभी आहेत, तो गोंगाट. बँडच्या सरावासाठी आम्ही एकदा एका मंगल कार्यालयाचं मागचं गोदाम मागितलं. ऑफ सीझन होता, लग्न नव्हतं, भाडं देणार होतो. मालकाने दोन दिवसांनी नाही म्हटलं: "पोट्टेहो, लोकं काय म्हणतीन? भूत काढून राह्यले म्हणतीन." त्याच हॉलमध्ये पुढच्या महिन्यात रात्री साडेबारापर्यंत डीजे वाजला. मी स्वतः नाचलो त्यात. तक्रार नाचण्याची नाही. कोणाच्या आवाजाला जागा आणि कोणाच्या नाही, हे कोण ठरवतं, हा प्रश्न आहे.

आणि आवाज चढवायची गरज कोणाला पडते? मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे. जलाशयाला नाव सुंदर दिलंय, नल-दमयंती सागर. ज्यांच्या जमिनी त्यात गेल्या, त्यांनी मोबदल्यासाठी आणि नोकऱ्यांसाठी किती वर्षं अर्ज केले, किती दिवस मांडव घालून बसले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्यातल्या काही जणांनी थेट मंत्रालयात जाऊन तिथे लावलेल्या संरक्षक जाळीवर उड्या मारल्या. तेव्हा टीव्हीवर मोर्शी दिसली. दोन दिवस. हळू बोलून ऐकू गेलं असतं तर म्हातारी माणसं जाळीवर कशाला उतरली असती? मला या धरणावर अल्बम पाहिजे. बासरी लावून केलेला नको, डोळ्यांत पाणी आणणारा नको. भिंत हलवणारा पाहिजे.

*

तिसरी हरकत मेटलवाल्यांचीच, आणि मला सगळ्यात जास्त तीच बोचते: मराठी मेटलवर बसत नाही.

बसत नाही म्हणजे काय? ज्या भाषेत ट, ठ, ड, ढ, ण, ळ असे दगडासारखे वर्ण आहेत, ती बसत नाही आणि फिनलंडची बसते? मंगोलियाच्या द हू बँडने २०१९ मध्ये 'द गेरेग' हा अल्बम मंगोलियन भाषेत, खर्जातल्या कंठगायनासह काढला आणि जगाने ऐकला. दिल्लीच्या ब्लडीवुडने हिंदी-पंजाबी-इंग्रजी एकत्र करून, ढोल घेऊन, २०१९ मध्ये वाकेन गाठलं आणि २०२२ मध्ये 'रक्षक' हा पहिला स्वतःच्या गाण्यांचा अल्बम कोणत्याही लेबलशिवाय काढला. केरळच्या अवियलने २००८ मध्ये मल्याळममध्ये रॉक करून दाखवला. आणि मराठी? क्रेटेक्स आणि श्रेयस या दोघांचं 'तांबडी चामडी' आठवतंय ना? मराठी बोल, हाउस संगीत, आणि ते निघालं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सवर. तुमच्या सगळ्यांच्या फोनवर वाजलं ते. भाषा बसली की. फक्त लेबल डच होतं. पुन्हा तीच पेटी.

खरं कारण भाषा बसण्याचं नाहीच. खरं कारण लाज आहे. त्यातही वऱ्हाडी म्हटलं की लाज दुप्पट. मुंबईत मी वऱ्हाडचा आहे म्हटलं की एखादा तरी विचारतोच, लंडनला निघालेलं तेच का? त्या नाटकातलं वऱ्हाड लग्नाचं होतं, भाषा मराठवाड्याची होती, पण कोणाला पडलीय? सिनेमात, मालिकेत, रीलमध्ये 'मले, तुले, काहून' आलं की समजायचं विनोदी पात्र आलं. आमची पोरंही आता हेच विकायला शिकलीत. आजीला कॅमेऱ्यासमोर बसवतात, वऱ्हाडीत शिव्या द्यायला लावतात, लाखो लोक हसतात. आजी काय म्हणते ते कोणी ऐकत नाही, कशी म्हणते त्यावर हसतात.

मला मेटल वऱ्हाडीत पाहिजे ते नेमकं याच्यासाठी. ज्या आवाजात ते गायलं जातं, त्या आवाजावर हसता येत नाही. 'मले' हा शब्द दोन बास ड्रमच्या मधे घसा फाडून ऐकल्यावर कोणाची हसायची हिंमत होते ते बघू.

पण इथे एक धोका आहे, तोही सांगून ठेवतो. दिल्लीचा ढोल चालला म्हणून उद्या कोणीतरी डफडं आणेल, खंजिरी आणेल, फेटे बांधेल आणि गिटारवर चिकटवून युरोपला पाठवेल. ते करायचं नाही. ब्लडीवुडने जे केलं ते त्यांच्या पोटातून आलं. नक्कल केली तर ते पर्यटन खात्याची जाहिरात होईल. ब्राझीलच्या सेपुल्टुराने १९९६ मध्ये 'रूट्स' केला तेव्हा ते शावान्ते आदिवासींकडे जाऊन, त्यांच्यासोबत बसून, त्यांच्यासोबत रेकॉर्ड करून आले. आणि त्याआधी कित्येक वर्षं ते आपल्या गावचा राग वाजवत होते. आधी राग, मग खंजिरी.

*

सेपुल्टुराचं नाव आलंच आहे तर त्यांच्या पेटीची गोष्ट सांगतो, कारण या लेखाचा जीव तिच्यात आहे.

हा बँड रिओचा नाही, साओ पावलोचाही नाही. बेलो होरिझोन्ते नावाच्या, समुद्रापासून लांबच्या, खाणींच्या मुलखातल्या शहराचा. तिथे १९८० मध्ये कोगुमेलो नावाचं कॅसेट-रेकॉर्डचं दुकान निघालं. कोगुमेलो म्हणजे अळंबी. दुकानात पोरं यायची, तासन्‌तास उभी राहायची, विकत काही घ्यायची नाहीत. दुकानदाराने त्यांना हाकललं नाही. १९८५ मध्ये त्याच दुकानाने लेबल काढलं आणि पहिल्या रेकॉर्डवर एका बाजूला ओव्हरडोज आणि दुसऱ्या बाजूला सेपुल्टुरा हे गावचेच दोन बँड छापले. पुढचा इतिहास जगाला माहीत आहे.

आणि हे एकटं उदाहरण नाही. अमेरिकेत ब्रायन स्लेगल रेकॉर्डच्या दुकानात काम करायचा, हाताने मेटलचं छोटं नियतकालिक काढायचा. १९८२ मध्ये त्याने ओळखीच्या बँडांची एकेक गाणी गोळा करून 'मेटल मॅसकर' नावाचा संग्रह काढला. त्यात मेटॅलिका होती, आणि पहिल्या आवृत्तीत तिचं नावही चुकीचं छापलं होतं. जॉन झाझुलाचा न्यू जर्सीत जुन्या बाजारात रेकॉर्डचा स्टॉल होता. १९८३ मध्ये मेटॅलिकाचा पहिला अल्बम काढायला त्याने स्वतःचं लेबल उभं केलं. नॉटिंगहॅमच्या डिगबी पिअर्सनच्या इअरेकने १९८७ मध्ये नेपाम डेथचा 'स्कम' काढला, ज्यात जेमतेम सव्वा सेकंदाचं एक गाणं आहे. दुकान, स्टॉल, घर. यातला एकही मोठ्या कंपनीच्या काचेच्या केबिनमध्ये जन्मला नाही.

आपल्याकडेही हे झालेलं आहे, फक्त आपण त्याला लेबल म्हणत नाही. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जा. भीमगीतांची पुस्तकं, आधी कॅसेटी, मग सीडी, जमिनीवर कापड टाकून विकल्या जातात. रेडिओने वाजवलं नाही, मोठ्या कंपन्यांनी विचारलं नाही, तेव्हा लोकांनी स्वतः छापलं, स्वतः विकलं, आणि गाणी घराघरांत गेली. विदर्भातलं खरं स्वतंत्र संगीत ते आहे. आम्हा मेटलवाल्यांनी नॉर्वेकडे बघण्याआधी तिथे जाऊन शिकायला पाहिजे.

आणि सातशे वर्षं मागे जायचं असेल तर मोर्शी तालुक्यातच रिद्धपूर आहे. चक्रधरस्वामी गेल्यानंतर म्हाइंभट तिथे बसले. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, ऐकलं होतं, त्यांच्याकडे जाऊन आठवणी गोळा केल्या, पडताळल्या, लिहिल्या. तो लीळाचरित्र, मराठीतला पहिला गद्य ग्रंथ. नागदेवाचार्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल: एका विद्वान शिष्याने संस्कृतात लिहायची इच्छा दाखवली, तेव्हा त्यांनी अडवलं, कारण मग साध्या म्हाताऱ्या बायकांना ते कळणार नाही. म्हाइंभट स्वामी नव्हते. त्यांचं काम फिरण्याचं, ऐकण्याचं, जपण्याचं. लेबलचंही तेच असतं. लेबल गात नाही. जे गायलं जातंय ते हरवू देत नाही.

२०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आलं. चांगलं झालं. पण अभिजात म्हणून मान दिलेल्या भाषेची जिवंत बोली त्याच तालुक्यात ज्या पोरांच्या तोंडात आहे, त्यांना रेकॉर्ड करायला एक खोली नाही. मेलेल्या शब्दांसाठी इमारत आणि जिवंत घशाला गोदामही नाही.

*

"आता तर सगळं फोनवर आहे, लेबल कशाला?" ही शेवटची हरकत, आणि ती तुमची आहे. तुम्ही, जे हे फोनवर वाचताय.

फोनवर सगळं आहे, पण फोन तुमचा नाही. २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षात १००० वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला एक रुपयाही मिळत नाही. म्हणजे ९०० वेळा ऐकलं गेलेलं तुमचं गाणं फुकटात त्यांचं दुकान सजवतं. रीलवर तुमचं पंधरा सेकंदांचं गाणं चाललं तर पंधरा सेकंदच चालतं. सोळाव्या सेकंदाला लोक पुढे सरकतात. व्हायरल होणं म्हणजे उभा बगिचा देणं. एक सीझन पैसा दिसतो, झाड मात्र व्यापारी सांगेल तेव्हा तोडायचं.

लेबल वेगळं काय करतं? ते दहा बँडांची दहा गाणी एकत्र आणतं, म्हणजे एकाला ऐकायला आलेला बाकी नऊ ऐकतो. ते आवाज नीट करून घेतं, कव्हर काढून घेतं, लिहिणाऱ्यांना आधी पाठवतं. ते टी-शर्ट छापतं, आणि मेटलचं अर्धं अर्थशास्त्र टी-शर्टवर उभं आहे. बँडकॅम्पसारख्या ठिकाणी थेट विकतं, जिथे डिजिटल विक्रीतले १५ टक्के आणि वस्तूंमधले १० टक्के कापून बाकीचे आपल्याकडे येतात. त्या ठिकाणाचाही भरवसा नाही. २०२२ आणि २०२३ अशा दोन वर्षांत ते दोनदा विकलं गेलं आणि निम्म्याच्या आसपास माणसं कामावरून गेली. म्हणून लेबल ग्राहकांचे पत्तेही स्वतःच्या वहीत ठेवतं. शेवटी सगळ्यात महत्त्वाचं: पहिला अल्बम पडला तरी ते दुसरा काढतं. रील असं करत नाही.

आणि गिऱ्हाईक फक्त परदेशात नको. बांगलादेशाने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवलं तेव्हा आमच्याकडे काय झालं ते आम्हाला माहीत आहे. एकाच लांबच्या गिऱ्हाइकावर बगिचा उभा केला की त्याने दार लावलं की तुम्ही रस्त्यावर. मुंबईच्या लेबलांनी युरोप गाठला, गाठू दे. आमच्या लेबलचा पहिला टी-शर्ट परतवाड्यात विकला गेला पाहिजे.

पोट भरेल का? नाही. कमीत कमी पहिली काही वर्षं तरी नाही. साहिल माखिजाला स्वयंपाक करावा लागला, आपल्यालाही दुसरं काहीतरी करावं लागेल. कोणी कृषी केंद्रात बसेल, कोणी शिकवणी घेईल. शेतकऱ्याच्या पोराला 'यात पोट भरत नाही' हे सांगून घाबरवू नका. आम्ही ज्यात जन्मलो त्यातही भरत नाही.

*

तर मागणी काय? सरकारकडे काही नाही. संस्कृती खात्याचं अनुदान आलं की त्यासोबत उद्घाटक येतो.

मागणी तुमच्याकडे आहे. एका लॅपटॉपची, एका ऑडिओ इंटरफेसची, दोन माइकची आणि चार भिंतींची सोय पाच जणांनी मिळून केली तर होते. भिंतींना जुन्या गाद्या लावा, आमच्या घरात त्या पडूनच असतात. वरूड, चांदूरबाजार, अचलपूर, अकोट, दर्यापूर इथे जी पोरं रात्री मोटरजवळ बसून हे ऐकतात, त्यांची एकेक गाणी गोळा करा. भाषा पोट्ट्यांची ठेवा. एक संग्रह काढा. नाव चुकीचं छापलं गेलं तरी चालेल, मेटॅलिकाचंही गेलं होतं.

मागच्या दिवाळीत मी आबांना पुन्हा एकदा ऐकवलं. या वेळी आमचंच, फोनवर रेकॉर्ड केलेलं, कच्चं. धरणावरचं गाणं, वऱ्हाडीत. आबांचा भाऊ त्या पाण्याखाली शेत ठेवून गेला. ते पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी. इचू चावला असं म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "काय म्हणून राह्यला ते समजलं नाही मले अर्धं. पण कायले ओरडून राह्यला ते समजलं." मग जरा थांबून म्हणाले, "अर्धं बी समजू दे ना बाप्पा. जरा साफ म्हण."

ते साफ रेकॉर्ड करायचं आहे, आणि पेटीवर नाव मोर्शीचं टाकायचं आहे.